बाजाराची वार्ता आणि बाजाराचा सौदा : प्रस्तावना

मुंबईच्या भांडवल बाजारातील व्यवहार दुपारी साडेतीनला थांबले, की त्या दिवसाचे तीन वृत्तांत सिद्ध होऊ लागतात. पहिला वार्ताहरांचा, तो दूरचित्रवाणीवर तत्काळ आणि वृत्तपत्रांत दुसऱ्या सकाळी येतो, आणि निर्देशांक का चढला किंवा का पडला याची कारणे, बहुधा पडल्यानंतर सुचलेली, त्यात मोठ्या आत्मविश्वासाने दिलेली असतात. दुसरा वृत्तांत सायंकाळी शेअर बाजारच जाहीर करतो. परकीय गुंतवणूकदार संस्थांनी आणि देशी संस्थांनी किती कोटींची खरेदी केली, किती कोटींची विक्री केली आणि वजाबाकी काय उरली, एवढाच त्याचा मजकूर. तिसऱ्या वृत्तांताला वाचक थोडे. राष्ट्रीय शेअर बाजाराच्या त्या तक्त्यात वायदे आणि ऑप्शन यांतील उघडे सौदे चार धन्यांच्या नावे मांडलेले असतात: सामान्य ग्राहक, देशी संस्था, परकीय संस्था, आणि स्वतःच्या भांडवलावर उलाढाल करणारे दलाल, ज्यांना बाजाराच्या बोलीत ‘प्रो’ म्हणतात. दिवस एक, बाजार एक, तरी हे तीन वृत्तांत एकमेकांशी जुळतीलच असे नाही. आणि ज्या दिवशी ते जुळत नाहीत त्या दिवसांचा अभ्यास हाच प्रस्तुत ग्रंथाचा विषय आहे.

लोक काय बोलतात ते सोडा, पैसा कुठे लावतात ते पाहा, असे बाजारातले जुनेजाणते सांगत आले आहेत. या उपदेशात तथ्य आहे, परंतु ते अर्धे आहे, आणि अर्ध्या तथ्यावर भरवसा ठेवून सबंध भांडवल गमावल्याची उदाहरणे दलाल स्ट्रीटवर उदंड आहेत. इतिहासाचार्य राजवाडे यांनी १८९८ साली ‘मराठ्यांच्या इतिहासाची साधने’ या मालेचा पहिला खंड प्रसिद्ध केला, तेव्हापासून बखरीहून अस्सल कागद श्रेष्ठ हा दंडक मराठी वाचकाच्या अंगवळणी पडला आहे. त्यामुळे बातमी ही बखर आणि सौद्याची नोंद हा अस्सल कागद, असे समीकरण मांडण्याचा मोह आपल्याला सहज होतो. पानिपतचे वर्तमान नानासाहेब पेशव्यांना भेलशाच्या मुक्कामी सावकारांच्या पत्रावरून, आणि तेही मोत्यांच्या व मोहरांच्या सांकेतिक भाषेत कळले, ही हकीकत या मोहाला पुष्टीच देते. ज्याचा पैसा गुंतलेला, त्याची बातमी दरबारी खलित्याच्या पुढे धावते. तथापि अस्सल कागदसुद्धा कोणी लिहिला, कोणाला उद्देशून लिहिला, आणि त्याच लेखकाने त्याच दिवशी दुसऱ्या कोणाला काय कळवले, याची शहानिशा केल्याखेरीज जाणता इतिहासकार त्यावर विसंबत नाही. वकिलाने आपल्या धन्याला धाडलेले पत्र अस्सल असते, आणि शत्रूच्या कारभाऱ्याला धाडलेलेही अस्सलच असते. सौद्यांची गोष्ट हुबेहूब अशी आहे. शब्दापेक्षा सौदा महाग पडतो हे खरे. परंतु महाग म्हणून तो सत्यवचनी असतो, हे मात्र कुठेही सिद्ध झालेले नाही.

वार्ता आणि सौदा यांची ही गुंतागुंत मुंबईला नवी नाही. १८६१ साली अमेरिकेत यादवी युद्ध पेटले, तिथला कापूस लँकेशायरच्या गिरण्यांना मिळेनासा झाला, आणि आपल्या कापसाला सोन्याचा भाव येऊन मुंबईत पैशाचा पूर लोटला. तो पैसा बँका, समुद्र हटवून जमीन करण्याच्या कंपन्या आणि नाना प्रकारच्या मंडळ्यांच्या शेअरांत शिरला. बॅकबे कंपनीचा पाच हजार रुपये भरणा झालेला भाग पन्नास हजारांच्या घरात गेला, आणि सट्ट्याचे अग्रणी दलाल प्रेमचंद रायचंद यांच्या होकारावर शहरातल्या पेढ्या चालू लागल्या. १८६५ च्या वसंत ऋतूत दक्षिणेकडील सेनापती ली शरण गेला आणि युद्ध संपल्याची वार्ता मुंबईस पोचून भाव कोसळू लागले, हे सर्व पाठ्यपुस्तकांत आहे. परंतु शहराचे खरे दिवाळे निघाले ते १ जुलै १८६५ रोजी, कारण मुदतीचे शेकडो सौदे त्या तारखेला पुरे व्हायचे होते, आणि ज्यांनी ते घेतले होते त्यांच्यापाशी ते पुरे करण्याची ऐपत उरली नव्हती. बातमी आली तेव्हाच अनर्थाचे बीज पडले असे म्हणता येईल. अनर्थाचा आकार आणि त्याचा दिवस मात्र आधीच लिहून ठेवलेल्या सौद्यांनी ठरवला होता. कोणत्या तारखेला किती सौदे उघडे आहेत याचा एखादा तक्ता त्या मे महिन्यात कोणी भिंतीवर लावला असता, तर त्याची किंमत तारेने येणाऱ्या प्रत्येक बातमीहून अधिक ठरली असती. पुढे दहा वर्षांनी, १८७५ मध्ये, ‘नेटिव्ह शेअर अँड स्टॉक ब्रोकर्स असोसिएशन’ स्थापन झाली. आजच्या मुंबई शेअर बाजाराचे मूळ तेच.

ऑप्शनचे सौदेही शिकागोच्या ऑप्शन बाजारातून आपल्याकडे प्रथमच आले, हा समज दूर केला पाहिजे. ठरीव मुदतीत ठरीव भावाने घेण्याचा किंवा देण्याचा हक्क, नुसता हक्क, रोख रक्कम मोजून विकत घेण्याची वहिवाट मुंबईच्या कापूस, तेलबिया आणि रोख्यांच्या बाजारांत तेजी आणि मंदी या नावांनी रूढ होती, आणि तिची सरकारदरबारी दखलही घेतली गेली. १९५६ च्या रोखे करार नियमन कायद्यात ऑप्शनची जी व्याख्या आहे, तिच्यात तेजी, मंदी, तेजी-मंदी आणि गल्ली हे प्रकार पुट, म्हणजे देण्याचा हक्क, आणि कॉल, म्हणजे घेण्याचा हक्क, यांच्या पंक्तीला बसवलेले आहेत. नावे नोंदवली ती मनाईसाठी. त्याच कायद्याच्या विसाव्या कलमाने असे सौदे बेकायदा ठरवले, १९६९ मध्ये सरकारने शेअरांचे वायदेही बंद केले, आणि मग अनेक वर्षे बदल्याच्या, म्हणजे आकार देऊन सौदा पुढच्या मुदतीवर ढकलण्याच्या, रूपाने सट्टा आपली वाट काढत राहिला. विसावे कलम रद्द झाले १९९५ मध्ये. दरम्यान सप्टेंबर १९९२ मध्ये परकीय संस्थांना दारे उघडली होती. जून २००० मध्ये निर्देशांकाचे वायदे आणि जून २००१ मध्ये निर्देशांकाचे ऑप्शन सुरू झाले, तेव्हा आपल्या विषयाची तिन्ही अंगे, म्हणजे वार्ता, संस्थांची रोखीची उलाढाल आणि ऑप्शनमधील मोर्चेबांधणी, प्रथमच एका बाजारात, कायदेशीरपणे आणि जाहीर आकड्यांनिशी एकत्र आली.

आता पहिल्या अंगाकडे, म्हणजे वार्तेकडे वळू. बाजाराचा मूड मोजायचा म्हणजे काय मोजायचे? अमेरिकेत पॉल टेटलॉक या अभ्यासकाने ‘वॉल स्ट्रीट जर्नल’मधील बाजाराच्या नित्य स्तंभाचा १९८४ ते १९९९ या काळातील मजकूर संगणकाकडून वाचवून घेतला, त्यातील निराशेच्या शब्दांचे प्रमाण काढले, आणि २००७ मध्ये असे दाखवले की निराशा फार दाटली की दुसऱ्या दिवशी भावांवर दडपण येते, परंतु पुढच्या काही दिवसांत ती घसरण बव्हंशी भरून निघते. म्हणजे त्या शब्दांत कंपन्यांच्या बऱ्यावाईटाची नवी माहिती थोडी आणि वाचकांच्या मनःस्थितीची लाट अधिक होती. पुढे २०११ मध्ये लफ्रन आणि मॅकडॉनल्ड यांनी आणखी एक अडचण दाखवली: सर्वसाधारण वापरासाठी केलेल्या शब्दसूचीत जे शब्द अशुभ म्हणून नोंदवले आहेत, त्यांतले जवळजवळ तीन चतुर्थांश अर्थव्यवहारात अशुभ नसतातच. कर, खर्च, दायित्व हे शब्द ताळेबंदाच्या पानोपानी येतात, आणि त्यांना घाबरावे असे त्यांत काही नसते. आपल्याकडे ही अडचण दुप्पट होते. ‘खनिज तेलाच्या दरात मोठी घसरण’ हा मथळा यंत्राने वाचला तर तो त्याला अशुभ ठरवील. तेल आयात करणाऱ्या देशातला रंग तयार करणारा कारखानदार मात्र तोच मथळा वाचून समाधानाचा निःश्वास टाकील.

मथळ्यांविषयी आणखी एक तक्रार नोंदवल्यावाचून राहवत नाही. १७ मे २००४ रोजी, केंद्रातील सत्तांतरानंतरच्या त्या सोमवारी, सेन्सेक्स सुमारे ५६५ अंकांनी पडून ४,५०५ वर थांबला. ती घसरण अकरा टक्क्यांहून अधिक होती, आणि त्या दिवशी व्यवहार दोनदा थांबवावे लागले. सेन्सेक्स ८०,००० वर असताना तेवढेच अंक उतरले तर ती घसरण पाऊण टक्कासुद्धा भरत नाही, मागच्या आठवड्यातल्या एखाद्या निरुपद्रवी दुपारीही ती होऊन गेलेली असते. परंतु क्रियापद तेच, ‘कोसळला’. संपादकांनी अंकांऐवजी टक्के छापण्याचा नियम केला, तर गुंतवणूकदारांच्या रक्तदाबावर त्याचा इष्ट परिणाम होईल, असे माझे प्रामाणिक मत आहे. मूडचे मापन करणाऱ्याला तर हा नियम स्वतःपुरता पाळावाच लागतो, एरवी निर्देशांक जसजसा उंच जाईल तसतशी त्याच्या वहीत भीती आपोआप वाढत जाईल.

दुसरे अंग संस्थांचे. त्यांच्याविषयी दोन टोकांच्या समजुती प्रचलित आहेत. एक, परकीय संस्थांना सारे आधी कळते. आणि दुसरी, त्या आपल्याला बुडवायलाच आल्या आहेत. आकडे दोन्ही समजुतींना अनुकूल नाहीत. मार्च २०२० मध्ये, महामारीच्या भीतीने, परकीय संस्थांनी सुमारे ६२ हजार कोटी रुपयांचे शेअर विकले. २३ मार्चला निफ्टी ७,६१० वर आला, आणि पुढे दिसून आले की तळ तोच होता. त्याच संस्थांनी त्याच वर्षी नोव्हेंबरमध्ये सुमारे ६० हजार कोटींची खरेदी केली, तेव्हा निफ्टी १३,००० च्या आसपास पोचला होता. स्वस्तात विकून महागात घेणे हे सर्वज्ञतेचे लक्षण म्हणता येत नाही. अर्थात यातले बरेचसे पैसे त्या संस्थांच्या स्वतःच्या मतावर हलत नसतात. न्यूयॉर्क किंवा लंडनमधला ठेवीदार पैसे परत मागतो, आणि मुंबईतले शेअर विकावे लागतात. विक्रीच्या नोंदीत ‘मत’ आणि ‘गरज’ असे दोन स्वतंत्र रकाने नसतात, ही या साधनाची पहिली मर्यादा.

दुसरी मर्यादा हिशेबाची. सप्टेंबर २०२४ च्या अखेरीस निफ्टीने २६,२७७ चा उच्चांक केला आणि ऑक्टोबरात परकीय संस्थांनी विक्रीचा सपाटा लावला. ती विक्री किती झाली? शेअर बाजारांच्या हंगामी आकड्यांप्रमाणे सुमारे १ लाख १४ हजार कोटी; डिपॉझिटरीच्या आकड्यांप्रमाणे सुमारे ९४ हजार कोटी. दोन्ही आकडे खरे होते. त्याच महिन्यात परकीय संस्थांनी नव्या भागविक्रीत सुमारे वीस हजार कोटी गुंतवले होते, आणि ती रक्कम एका हिशेबात जमा होती, दुसऱ्यात नव्हती. जुन्या शेअरांतून निघून नव्यांत शिरणे आणि देश सोडून जाणे यांत महदंतर आहे; ते अंतर ‘परकीयांचे पलायन’ या दोन शब्दांत पार पुसले गेले. शिवाय प्रत्येक विक्रीला खरेदीदार असतोच, हे अंकगणित मथळ्यात कधी येत नाही. त्या महिन्यात देशी संस्थांनी एक लाख कोटींहून अधिक खरेदी केली, आणि तिच्यामागे दरमहा हप्त्याने म्युच्युअल फंडात पैसे भरणारी मंडळी होती; त्यांचे हप्ते त्या ऑक्टोबरात प्रथमच २५ हजार कोटींच्या वर गेले. तरीही निफ्टी सुमारे सहा टक्क्यांनी उतरला. सबब ‘कोणी विकले’ याबरोबरच ‘घेणारा कोणत्या भावाला राजी झाला’ हे विचारावे लागते.

तिसरे अंग ऑप्शनचे, आणि ते सर्वांत अवघड. निफ्टी २४,००० वर आहे असे समजू. महिनाअखेरीस तो २३,५०० च्या खाली गेला तर जेवढा खाली जाईल तेवढी भरपाई मिळण्याचा हक्क, म्हणजे २३,५०० चा पुट, कोणी शंभर रुपयांना विकत घेतला. घेणाऱ्याला घसरणीची धास्ती आहे. विकणारा, ज्याला बाजारात ‘रायटर’ म्हणतात, तो मात्र निफ्टी तेवढा उतरणार नाही या खात्रीने शंभर रुपये खिशात घालून बसला आहे. आता तक्त्यात काय दिसेल? एक उघडा सौदा, एवढेच. असे लाखो सौदे त्या एका भावावर साठले, तर तो भीतीचा डोंगर समजायचा की विश्वासाचा? शिकागोच्या परंपरेत पुट वाढले की घाबरट वाढले असे वाचतात, आणि चतुर मंडळी त्याच्या उलट वागायला निघतात. मुंबईतले विश्लेषक बहुधा रायटरच्या बाजूने पाहतात आणि ‘२३,५०० वर भक्कम आधार आहे’ असे सांगतात. एकच पुट-कॉल गुणोत्तर घेऊन दोन शहरांत दोन विरुद्ध निष्कर्ष निघतात, आणि दोन्हीकडचे वक्ते तितक्याच ठामपणे बोलतात. भरीला तिसरा एक गृहस्थ असतो, त्याला कोणी मोजत नाही. ज्याच्यापाशी हजारो कोटींचे शेअर आहेत आणि जो ते विकू इच्छित नाही, तो विमा म्हणून पुट घेतो. तो ना तेजीवाला, ना मंदीवाला. परकीय संस्थांनी निर्देशांकाचे वायदे विकले म्हणजे त्यांनी मंदीचा पुकारा केला, असे जे रोज सांगितले जाते, त्यात या गृहस्थाचा विसर पडलेला असतो.

मग या आकड्यांत ज्ञान नाहीच काय? आहे, पण ते कुठे आहे हे पाहण्यासारखे आहे. जुन पॅन आणि ॲलन पोटेशमन यांनी २००६ मध्ये शिकागोच्या १९९० ते २००१ या काळातील अशा नोंदी तपासल्या, ज्यांत नव्याने ऑप्शन विकत घेणाऱ्यांचे सौदे वेगळे काढलेले होते. ज्या शेअरांत असे खरेदीदार पुटांकडे कमी आणि कॉलांकडे अधिक झुकले होते, त्यांनी उलट झुकलेल्या शेअरांना दुसऱ्याच दिवशी ०.४० टक्क्याहून अधिक आणि आठवडाभरात एक टक्क्याहून अधिक मागे टाकले. परंतु ती वर्गवारी त्या काळी सर्वांसाठी खुली नव्हती, आणि चारचौघांना दिसणाऱ्या गुणोत्तरात तेवढा कस नव्हता. आपल्या राष्ट्रीय शेअर बाजाराचा चार धन्यांचा तक्ता या दृष्टीने शिकागोच्या जाहीर आकड्यांहून उदार आहे, कारण कोणाचे सौदे घेतलेले आणि कोणाचे विकलेले, हे तो सांगतो. कोणत्या भावाचे, हे मात्र सांगत नाही.

तिन्ही अंगे एकत्र ठेवून पाहिल्यास काय दिसते, याचा एक दाखला जून २०२४ मधला आहे. १ जूनला, शनिवारी, लोकसभेच्या मतदानोत्तर चाचण्या जाहीर झाल्या आणि त्यांनी सत्ताधारी आघाडीला प्रचंड बहुमत देऊ केले. सोमवारी, ३ जूनला, निफ्टी सव्वातीन टक्क्यांनी उसळून २३,२६३ वर बंद झाला. वार्ता उत्साहाची होती, परकीय संस्थांनीही त्या दिवशी सुमारे ६,८५० कोटींची निव्वळ खरेदी केली. शब्द आणि पैसा यांचे पूर्ण एकमत. एकच गोष्ट विसंवादी होती. ऑप्शनच्या दरांवरून काढला जाणारा अस्थिरतेचा निर्देशांक, इंडिया व्हिक्स, त्या दिवशी उतरला खरा, पण २१ च्या घरात राहिला. एप्रिलच्या उत्तरार्धात तो १० ते ११ इतका खाली आलेला होता. म्हणजे आनंदोत्सव चालू असतानाही कोणीतरी विम्याचा हप्ता दुप्पट दराने भरत होते. मंगळवारी मतमोजणी झाली, भारतीय जनता पक्ष २४० जागांवर थांबला, निफ्टी जवळजवळ सहा टक्क्यांनी पडून २१,८८४ वर आला, आणि परकीय संस्थांनी सुमारे १२,४०० कोटींची विक्री केली. ऑप्शनवाल्यांना निकाल ठाऊक होता असे यावरून म्हणणारा भेटला, तर त्याच्यापासून दूर राहावे. व्हिक्स दिशा सांगत नाही. धक्का मोठा बसू शकेल एवढेच सांगतो, आणि ठरलेल्या तारखेच्या प्रत्येक निकालापूर्वी तो थोडाफार वर असतोच. शिवाय ७ जूनला निफ्टी पुन्हा २३,२९० वर, सोमवारच्याही वर, बंद झाला. वार्ता चुकली, संस्था चुकल्या, आणि चार दिवसांत भाव पूर्वपदावर आला.

या ग्रंथाचे सर्वांत लांब प्रकरण मात्र १७ जानेवारी २०२४ या एका दिवसावर आहे, आणि तसे ते का, हे इथे थोडे सविस्तर सांगितले पाहिजे. आदल्या संध्याकाळी एचडीएफसी बँकेचे तिमाही निकाल आले होते आणि ते बाजाराला रुचले नव्हते. बुधवार उजाडला, त्याच दिवशी बँक निफ्टीच्या साप्ताहिक ऑप्शनची मुदत संपणार होती. वार्ता प्रतिकूल, निर्देशांक पडत उघडला. अशा सकाळी, भांडवल बाजाराची नियामक संस्था सेबीने ३ जुलै २०२५ रोजी काढलेल्या अंतरिम आदेशानुसार, जेन स्ट्रीट या अमेरिकी समूहाने बँक निफ्टीतील बँकांचे शेअर आणि वायदे मिळून सुमारे ४,३७० कोटींची आक्रमक खरेदी केली. एवढाच कागद हाती असलेल्या निरीक्षकाने काय लिहिले असते? ‘वाईट बातमीतही बड्या संस्थेची खरेदी, जाणकारांचा बँकांवर विश्वास.’ त्याच सकाळी त्याच समूहाने कॉल विकून आणि पुट घेऊन ऑप्शनमध्ये जी उलटी बाजू उभी केली, तिचे मूल्य त्या आदेशात ३२,११४ कोटी धरलेले आहे. खरेदीच्या सात पटींहून अधिक. दुपारी पावणेबाराच्या पुढे सकाळचे शेअर आणि वायदे विकण्यास आरंभ झाला, निर्देशांक घसरत गेला, आणि दिवसाअखेर बँक निफ्टी चार टक्क्यांहून अधिक खाली, ४६,०६४ वर बंद झाला. सेबीच्या हिशेबाने समूहाला शेअर-वायद्यांत सुमारे ६१ कोटींचा तोटा आणि ऑप्शनमध्ये सुमारे ७३५ कोटींचा नफा झाला.

सेबीने हे निर्देशांकाचे कृत्रिम चालन ठरवून अनेक दिवसांच्या व्यवहारांपोटी ४,८४३ कोटी रुपये जप्त करण्याचा आदेश दिला. समूहाने आरोप फेटाळले, हे नेहमीचे आर्बिट्राज, म्हणजे दोन बाजारांतील भावफरकाचा व्यवहार, असल्याचे म्हटले, आणि रोखे अपील न्यायाधिकरणाकडे धाव घेतली. अंतरिम आदेश हा अंतिम निवाडा नव्हे, आणि दोषादोषाचा फैसला करणे हे प्रस्तावनालेखकाचे काम नव्हे. आपल्या विषयापुरता प्रश्न वेगळा आहे. सायंकाळच्या तक्त्यांत या साऱ्याचे काय उरले? परकीय संस्थांना रोखीच्या बाजारात सकाळी घेऊन दुपारी विकण्याची मुभा नसते; ती उलाढाल, आदेशानुसार, समूहाच्या भारतात नोंदलेल्या कंपनीमार्फत झाली, आणि म्हणून ती परकीयांच्या रकान्यात बसतच नव्हती. जे सकाळी घेतले ते दुपारी विकले गेल्याने दिवसाच्या वजाबाकीतही सकाळच्या खरेदीचा मागमूस राहिला नाही. मुदत त्याच दिवशी संपल्यामुळे ते ऑप्शन रात्रीच्या उघड्या सौद्यांतून नाहीसे झाले. परकीय संस्थांची त्या दिवसाची निव्वळ विक्री सुमारे साडेदहा हजार कोटी, हा आकडा तेवढा छापला गेला, आणि त्याचे कारण म्हणून बँकेचे निकाल दिले गेले. हे कारण खोटे नव्हते. पण त्या दिवशी जे घडले त्याचा सर्वांत बोलका भाग कोणत्याच जाहीर वृत्तांतात नव्हता, आणि तो उजेडात यायला दीड वर्ष लागले.

हा दाखला वाचून कोणी निराश होऊन सारे तक्ते फेकून देईल, तर तो चुकेल. मला त्यातून निघालेले तात्पर्य इतकेच, की वार्ता आणि सौदे यांची तुलना करताना पहिला प्रश्न ‘कोण खरे’ हा नसावा. ‘कोणत्या वेळी’, ‘कोणाच्या नावे’, आणि ‘याची दुसरी बाजू कुठे नोंदली आहे’, हे प्रश्न आधी. तिन्ही साधने एकमुखाने बोलतात त्या दिवसांपासून शिकण्यासारखे फार थोडे असते, कारण भाव चढल्यामुळे बातमी चांगली झाली, बातमी चांगली म्हणून खरेदी झाली, आणि खरेदीमुळे भाव चढला, अशी ती एकाच गोष्टीची तीन प्रतिबिंबे असू शकतात. विसंवादाच्या दिवशी निदान एक गोष्ट निश्चित होते: कोणीतरी इतरांच्या विरुद्ध बाजूला पैसे मोजून उभा आहे, आणि त्याला तसे करण्यास काहीतरी कारण आहे. कारण विमा असेल, नाइलाज असेल, डाव असेल, किंवा निव्वळ गैरसमज असेल. ते शोधण्याची चिकाटी नसलेल्याने या वाटेला जाऊ नये.

तपासाची शिस्तही हवी. आल्फ्रेड काउल्स यांनी १९३३ मध्ये ‘वॉल स्ट्रीट जर्नल’चे संपादक विल्यम हॅमिल्टन यांच्या पंचवीसहून अधिक वर्षांच्या अग्रलेखांतील बाजारविषयक भाकिते मोजली, ९० प्रसंगी हॅमिल्टननी पवित्रा बदलला होता, त्यांपैकी ४५ बरोबर आणि ४५ चूक निघाले, आणि भाकीतशास्त्राची अब्रू गेली. पुढे १९९८ मध्ये ब्राउन, गोएत्समन आणि कुमार यांनी तेच अग्रलेख पुन्हा तपासले, पत्करलेल्या जोखमीचा हिशेब धरला, आणि हॅमिल्टनना बाजाराची नाडी बऱ्यापैकी कळत होती असा निर्वाळा दिला. कागद तेच होते, मोजणी बदलली. म्हणून या ग्रंथात जिथे जिथे ‘वार्ता चुकली’ किंवा ‘सौदे बरोबर निघाले’ असे विधान आहे, तिथे कोणत्या मुदतीत आणि कोणत्या मापाने, हे त्याच वाक्यात दिले आहे. वाक्ये त्यामुळे लांबली आहेत, आणि त्याला माझा इलाज नाही.

शेवटी वाचकाशी स्पष्ट बोलणे इष्ट. सेबीने सप्टेंबर २०२४ मध्ये प्रसिद्ध केलेल्या पाहणीप्रमाणे, आर्थिक वर्ष २०२२ ते २०२४ या तीन वर्षांत वायदे आणि ऑप्शन यांत उतरलेल्या एक कोटीहून अधिक व्यक्तींपैकी ९३ टक्क्यांना तोटा झाला, आणि त्या तोट्याची बेरीज १ लाख ८० हजार कोटींच्या वर गेली. त्याच पाहणीत स्वतःच्या भांडवलावर सौदे करणाऱ्या पेढ्या आणि परकीय संस्था नफ्यात होत्या, आणि त्यांचा बहुतेक नफा संगणकी सौद्यांतून आला होता. हे पुस्तक वाचून कोणी त्या ९३ मधून उरलेल्या सातांत जाईल, असे आश्वासन मी देत नाही. ज्याला येत्या मंगळवारी निफ्टी कुठे थांबेल हे हवे आहे त्याने यावर पैसे खर्चू नयेत. ज्याला तक्ता वाचायला शिकायचे आहे त्याने मात्र एक वही घालावी, रोज संध्याकाळी मथळा, संस्थांची वजाबाकी आणि चार धन्यांचे उघडे सौदे एका ओळीत तारीखवार उतरवावेत, पुढे काय होईल याविषयीचा स्वतःचा अंदाज शाईने लिहावा, आणि एक संपूर्ण आर्थिक वर्ष पुरे होऊन त्या अंदाजांची मोजदाद होईपर्यंत एकाही ऑप्शनला हात लावू नये.